दिवा लागला की मॅच संपली

आठवणी लिहायचं माझं वय नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगून झालंय. आठवणी म्हणे केस पांढरे झाल्यावर लिहायच्या, सगळी भांडणं थंड झाल्यावर. मी पत्रकं लिहिणारी बाई. गटाराचं पाणी, खाडीतला भराव, टँकरवाल्यांची दादागिरी, असल्या विषयांवर गेली काही वर्षं वसई-विरारभर कागद वाटत फिरते. थंड झालेल्या भांडणाचा मला काही उपयोग नाही. पत्रकात एक पान असतं, मथळा असतो, मागणी असते, खाली ‘आपले नम्र’ असतं. आमच्या घरात मी बारावीत असताना जे झालं ते एका पानात बसत नाही, म्हणून इथे लिहितेय. विषय क्रिकेटचा आहे. ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनीही वाचावं, कारण ज्या व्यक्तीबद्दल हे आहे तिलाही ते कधी आवडलं नाही.

आमचं घर गावाच्या कडेला, आणि घराच्या मागच्या अंगणाला लागून मैदान. मैदान म्हणजे भात कापून झालं की मोकळी होणारी खाचरं, मधले बांध फोडून सपाट केलेली, मधोमध सिमेंटची पट्टी. त्या पट्टीवर मॅट अंथरायची आणि दिवाळीनंतर दर रविवारी सीझन बॉलच्या मॅचेस. पलीकडे सुरूची झाडं, त्याच्यामागे समुद्र, दिसत नाही पण वारा येतो. अलीकडे आमचं अंगण, तुळस, दोरीवर वाळत घातलेली केळ्यांची सुकेळी, आणि ओट्यावर आई. रविवारचे आवाज मला अजून वेगवेगळे करून सांगता येतात. सकाळी मॅटला खिळे ठोकल्याचा, मग बॅटीचा, मधेच आईच्या हातातल्या भाकरीचा थापथाप, आणि चर्चमधून सुटलेल्या लोकांच्या स्कूटरींचा. पलीकडच्या गावातले ख्रिस्ती लोक मिस्सा आटोपून थेट मैदानावर यायचे, इस्त्रीच्या शर्टात. पाहुण्या टीमला जेवण आमच्या घरचं. वालाची उसळ मोठ्या टोपात, तांदळाच्या भाकऱ्या, आणि आमच्यापैकी कोणी मासे आणले असतील तर बोंबलाचं कालवण. सिमेंटच्या जंगलातून आलेली पोरं ओट्यावर मांडी घालून बसायची आणि भाकरी कशी मोडायची ते आईला विचारायची. आई म्हणायची, “हाताने मोड रे, बॅटीने नको.”

आता नियम. मोठ्या क्रिकेटमध्ये उजेड कमी झाला की अंपायर हातातल्या यंत्राकडे बघतात, आपसात बोलतात आणि खेळ थांबवतात. त्याआधीच्या काळात म्हणे बॅट्समनला विचारायचे, तुला खेळायचंय का. हरणारा म्हणणार दिसत नाही, जिंकणारा म्हणणार लख्ख दिसतंय. आमच्या गावात यावरून एकदा इतकी मारामारी झाली होती की स्टंप उपटून डोकी फोडली होती. तेव्हा माझ्या आजोबांच्या पिढीने एक तोडगा काढला. मैदानाला लागून तुळस आहे, तुळशीपुढे रोज दिवेलागणीला दिवा लागतो, तो लावणाऱ्या बाईला मॅचचं काही घेणंदेणं नाही. तेव्हा दिवा लागला की ती ओव्हर पुरी करायची आणि खेळ बंद. दुसऱ्या टीमचा डाव अर्धा राहिला तर तिथवरची दर ओव्हरची सरासरी काढायची. पहिल्या टीमपेक्षा कमी पडली तर हरले. देवाच्या दिव्याशी कोण भांडणार? कोणी भांडलं नाही. नियम छापला गेला. आमच्या स्पर्धेच्या कागदावर ‘अपुरा प्रकाश’ या शब्दांपुढे एवढंच असायचं, ‘तुळशीचा दिवा’.

आणखी एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या मैदानावर टॉस नव्हता. सकाळी मॅट दवाने ओली असते, बॉल कसाही उसळतो. तो त्रास यजमानांनी सोसायचा, पाहुण्यांना कोरडी मॅट द्यायची, म्हणून आमची टीम कायम पहिली बॅटिंग करायची. पाहुणचार म्हणून सुरू झालेली गोष्ट. त्यामुळे संध्याकाळी बॅटिंगला असायचे ते पाहुणे, आणि दिवा लागला की सरासरी निघायची ती पाहुण्यांची.

तो दिवा माझी आत्या लावायची. बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षभरात परत आली, का आली ते घरात कोणी बोलत नसे, मीही विचारलं नाही. बाबा तिला आक्का म्हणायचे, आणि आक्काला विचारल्याशिवाय घरात काही होत नाही असं बाहेर सांगायचे. खरं म्हणजे तिला विचारून काहीच व्हायचं नाही. जमीन विकली तेव्हा तिला सही कुठे करायची ते दाखवलं. टीव्हीचा रिमोट तिच्या हातात मी कधी बघितला नाही. पण रविवारी संध्याकाळी चित्र बदलायचं. दिवा एवढासा, तो पिचवरून दिसायचा नाही. दिसायची ती आत्या. ती मागच्या दाराशी आली की लेग-अंपायर तिच्याकडे तोंड करून उभा राहायचा. बाउंड्रीवरचे सगळे माना वळवायचे. ती वाकली, दिवा लावला, हात जोडले, की झालं. गावातले सगळे बापये एका विधवाही नसलेल्या, सधवाही नसलेल्या बाईच्या जोडलेल्या हातांकडे बघत थांबायचे. आणि ती एकदाही त्यांच्याकडे बघायची नाही.

“आत्या, मॅच कोण जिंकलं माहितेय का?” मी चिडवायचे.

“मला काय करायचंय? सगळे आपलेच खुंट आनि आपलेच उपटनारे.”

दिवा कधी लावायचा हे ती घड्याळावर ठरवायची नाही. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, दारात उभं राहून तळहात समोर धरायचा. रेषा दिसेनाशा झाल्या की दिवेलागण झाली. तिने ते जन्मभर पाळलं. ती दारात तळहात बघत उभी आहे, वाऱ्याने पदर हलतोय, आणि मागे कोणीतरी ओरडतंय ‘येस, येस, नो’, हे माझ्या डोळ्यांपुढे आत्ताही जसंच्या तसं आहे.

त्या वर्षी सेमीफायनल तुळिंजच्या टीमशी होती. नालासोपाऱ्यातली चाळीतली, बिल्डिंगीतली पोरं, गच्चीवर आणि रस्त्यावर खेळून तयार झालेली. त्यांचा कॅप्टन रोहन, कुरिअरच्या ऑफिसात कामाला, बोलायला तिखट. त्यांनी विकेटी राखून डाव खेळला होता, शेवटी हाणामारी करायची म्हणून. हाणणारे दोघे नुकते जमले होते. सरासरीत जरासेच मागे होते, दोन चांगल्या ओव्हरींचं काम. आणि आत्या दारात आली. वाकली. हात जोडले.

मी ओट्यावर कप विसळत होते. मला मैदानावरून शिव्या ऐकू आल्या. ओव्हर संपली तसा रोहन पॅड न काढता तरातरा आमच्या अंगणात आला. त्याच्यामागे बस्त्याव सर आले. ते पलीकडच्या गावातले, शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या स्पर्धेचे कायमचे अंपायर. दोन्ही गावं त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाहीत.

“मावशी,” रोहन म्हणाला, “जरा वर बघा. सूरज अभी गया नही. तो बघा, झाडाच्या वर आहे.”

आत्या तुळशीजवळच उभी होती. तिने वर बघितलं नाही. “दिवेलागन झाली बाळा.”

“कोणाची झाली? मला तर बॉलची शिवण दिसत होती. सर, तुम्हीच सांगा ना. दिसत होतं की नाही?”

बस्त्याव सरांनी टोपी काढली. त्यांचं मराठी नेहमी फळ्यावर लिहिल्यासारखं. “मला दिसत होतं,” ते म्हणाले. “पण मला दिसतंय की नाही हे विचारायचं आपल्याकडे ठरलेलंच नाही. दिवा लागला, एवढं मी बघायचं.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. एक शहाणा, सरळ माणूस सांगतोय की माझे डोळे शाबूत आहेत, पण नियमात त्यांना जागा नाही. त्यानंतर मी किती ऑफिसांत हेच ऐकलं. साहेबाला खड्डा दिसत असतो. दिसण्याचं काम त्याच्याकडे नसतं.

“समजलं,” रोहन म्हणाला. “होम टीम, होम पिच, आणि थर्ड अंपायर पण होम. सेट आहे सगळं. मावशींना हातात काय मिळतं हो, साडी?”

मी कप खाली ठेवला. माझं डोकं फिरलं. आमच्या आत्यावर कोणी असा आरोप करेल, आमच्या अंगणात उभं राहून, आमच्या घरची उसळ पोटात असताना. मला वाटलं बाबा आता याला धरून बाहेर काढणार. बाबा स्पर्धेचे सेक्रेटरी, एकेकाळचे कॅप्टन, गल्लीतल्या पार्किंगवरून गळा धरणारे. बाबा म्हणाले, “रोहन, पाणी पी. चहा घे. पुढच्या वर्षी बघू.” इतकंच. इतकं गोड. मला त्याही वेळी ते विचित्र वाटलं होतं, पण मी ते पाहुणचाराच्या खात्यात टाकलं.

आत्या आत निघून गेली. जाताना तिचा हात भिंतीवर होता, हे मला नंतर आठवलं.

रात्री रोहनने स्पर्धेच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. आत्या हात जोडतेय, आणि तिच्या मागे आकाश असं पिवळंधमक की कोणी पेपर वाचावा. खाली लोकांनी हसण्याचे चेहरे टाकले होते. कोणी तिला नवीन नाव दिलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. मी तेव्हा नुकतीच मोर्चांत कागद वाटायला जायला लागले होते, खंडन कसं करायचं हे मला येत होतं. मी ठरवलं, उद्या संध्याकाळी आत्याच्या शेजारी उभं राहायचं, तिचा हात, माझा हात, आकाश, सगळं एका चित्रात घ्यायचं आणि दाखवून द्यायचं की ही बाई जन्मात खोटं वागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं होतं. फक्त बगळे होते, आणि लांब बिल्डिंगीच्या कामाचा मिक्सर घरघरत होता. आत्या दारात आली, मी तिला चिकटून उभी राहिले. तिने तळहात समोर धरला.

“बघू,” मी म्हटलं, “कधी म्हणतेस ते मला सांग हं.”

“काय नवीन आनि?”

“असंच. शिकतेय.”

ती जरा हसली. तिने हात थोडा दूर धरला, थोडा जवळ आणला. मग म्हणाली, “गेल्या. आन काडेपेटी.”

मी माझ्या तळहाताकडे बघितलं. रेषा होत्या. जाड, बारीक, अंगठ्याखालची जाळी, सगळ्या. मधल्या बोटावर बॉलपेनाची शाई लागली होती तीही दिसत होती. मी तिच्या तळहाताकडे बघितलं. तिच्याही रेषा होत्या. मला त्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मी कोणाचंही भविष्य सांगितलं असतं. आणि ती त्याच हाताकडे बघत, त्याच वेळी, शांतपणे म्हणत होती की गेल्या.

लांब मिक्सर चालूच होता. ती खोटं बोलत नव्हती, हे सिद्ध झालं होतं. मी त्यासाठीच तर आले होते.

“आत्या, त्या झाडावर काय बसलंय?”

“कुठल्या?”

“समोरच्या.”

“कावळा असेल,” ती म्हणाली.

झाडावर काही नव्हतं.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसायला लागली, कोणी हाका मारून बोलावल्यासारखी. संध्याकाळचे तांदूळ निवडायचं तिने सोडलं होतं, म्हणायची कंबर धरते. रात्री मांदेली केली की ती नुसता रस्सा घ्यायची, म्हणायची भूक नाही. काटे दिसत नसणार. सुकेळी उतरवताना दोरीलाच धडकली होती तेव्हा आम्ही हसलो होतो, ती पण हसली होती. आईच्या साडीची किनार कोणत्या रंगाची यावरून वाद घातला होता. हे सगळं आमच्यासमोर झालेलं. आणि दिवा. जानेवारी उलटला की दिवस मोठा होतो, सूर्य उशिरा बुडतो, हे शेंबड्या पोराला कळतं. दिवाही पुढे जायला हवा होता. तो मागे मागे येत चालला होता, दर रविवारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. गावाने त्यावरून मॅचेसचे निकाल लावले. रोहनने त्यावरून आम्हाला चोर म्हटलं. त्या बाईला दिसत नाही, हे एकाच्याही मनात आलं नाही. मैदानाचा उजेड मोजायचं यंत्र म्हणून आम्ही एका माणसाचे डोळे वापरत होतो आणि त्या यंत्राकडे कोणी बघत नव्हतं.

मी जेवताना सांगितलं. आत्या आत पाणी प्यायला गेली होती तेवढ्यात. आईने हातातला घास खाली ठेवला.

बाबा भात कालवत राहिले. “वयाने होतं,” ते म्हणाले. “दाखवू. फायनल होऊ दे या रविवारची.”

“फायनल काय पळून जातेय?” आई म्हणाली. “डोळे जातायत ते बघा.”

“दोन-चार दिवसांनी काय बिघडतं?”

“दोन-चार दिवसांनी काय बिघडतं ते डॉक्टर सांगतील,” आईने मला नजरेने खुणावलं, “तू उद्या नंबर लाव गो.”

मी ते बापयांचं नेहमीचं टाळणं समजले. त्यांना दवाखाना नकोच असतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी आत्याला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. मी आणि बाबा मागे उभे होतो. मला ठिपके तिरके का होईना, दिसत होते. एक चमकला. दुसरा चमकला. वर, खाली, कडेला. आत्याचा अंगठा हलत नव्हता. ती शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलीसारखी ताठ बसली होती, अगदी लक्ष देऊन, तिला वाटत होतं अजून सुरूच झालेलं नाही. मग मधला एक ठिपका आला तेव्हा तिने बटण दाबलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “झालं सुरू.”

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढून कडेकडेने काळा करून दाखवला. कडेचं गेलंय, मधलं राहिलंय. कमी उजेडात आणखी कमी दिसणार. गेलेलं परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून उजळत नाही. रोज थेंब घालायचे, उरलेलं सांभाळायचं. आधी आला असतात तर जास्त उरलं असतं. हे त्या रागाने बोलल्या नाहीत, रोज बोलावं लागतं तसं बोलल्या.

“संध्याकाळी कमी दिसायला लागलं, हे कधीपासून?” त्यांनी पेन उघडून विचारलं.

आत्या म्हणाली, “काय की बाय. दिवस लवकर बुडतो हल्ली, असं वाटायचं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं.

आणि बाबा म्हणाले, “मागचा सीझन सुरू झाला तेव्हा बरोबर होतं. संक्रांतीनंतर लवकर लागायला लागला. ओव्हर-दोन ओव्हर. मग या वर्षी दिवाळीनंतर एकदम फरक पडला, आता चांगला पाच-सहा ओव्हरी आधी लागतो.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “काय लागतो?”

बाबा थांबले. ते इतक्या सवयीने बोलून गेले होते, कोणी पिच कशी आहे विचारावं आणि सांगावं तसं. त्या छोट्या खोलीत पंख्याचा आवाज होता. मी बाबांकडे बघत होते. मला आठवलं, या सीझनला ते पोरांना सांगायचे, आपल्या डावात मारून घ्या, सरासरी चढवून ठेवा, पुढचं माझ्यावर सोडा. रोहनला दिलेला चहा आठवला. माझ्या बापाला माहीत होतं. डोळ्यांचं माहीत नसेल, तेवढं मी आजही त्याला देते. पण दिवा किती मागे सरकला हे त्याला ओव्हरींमध्ये माहीत होतं, त्याने त्यावर टीम बांधली होती, आणि ‘आक्का, तू लवकर का लावतेस गं?’ एवढा एक प्रश्न त्याने दोन सीझन विचारला नव्हता. कारण उत्तर आलं असतं तर मॅचेस हातातून गेल्या असत्या.

मी पुष्कळ लबाड माणसं बघितली आहेत त्यानंतर. पाणी विकणारी, डोंगर विकणारी. त्यांचा मला राग येतो. त्या दिवशी मला राग आला नाही. पायरी चुकावी तसं झालं, पाय खाली जातोय आणि जमीन येतच नाही.

बाहेर रिक्षाची वाट बघताना आत्याने बाबांना विचारलं. तिचा आवाज नेहमीचाच होता.

“दिना, तुला ठाव होतं?”

“मला वाटलं तुला आत कामं असतात. म्हणून घाई करतेस.”

“मग इचारायचं.”

बाबांनी एका रिक्षाला हात केला, ती भरलेली होती. मग म्हणाले, “आपण जिंकत होतो गं आक्का.”

तिने मान हलवली, हिशोब समजल्यासारखी. रिक्षा आली. गटार ओलांडायला बाबांनी तिचा हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला आणि स्वतः पाऊल टाकलं, जपून, मोठं.

घरी येऊन मी कागद घेतला. असं पत्रक लिहिणार होते की गावाने तोंड लपवावं. आत्या ओट्यावर बसली होती, मी तिला मथळा वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं.

“नको,” ती म्हणाली. “कागद कोन वाचतं? फाडून त्यात भजी खातील.”

“मग काय, गप्प बसायचं?”

“मी कुठं गप बस म्हनाले?”

फायनलला वालीवच्या कारखान्यांमधली पोरं होती. वर्कशॉपमध्ये काम करणारी, एका रविवारची सुट्टी मिळणारी. गाव लोटलं होतं, लाउडस्पीकर लावला होता, बाहेरगावी राहायला गेलेले सगळे आले होते. आमची बॅटिंग नेहमीसारखी पहिली. मॅट वाळली होती, दोघं जमले होते, धडाधड रन्स निघत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसले होते. त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नव्हते आणि मी त्यांच्याशी. दिव्याचं काय करायचं हे कमिटीने ठरवलं नव्हतं. बाबांनी कमिटीला सांगितलंच नव्हतं.

मी आईला भाकऱ्या करू लागत होते. मागचं दार वाजलं म्हणून बघितलं तर आत्या. डोक्यावरून पदर, हातात तेलाची वाटी आणि काडेपेटी. भर दुपारी. ती हात पुढे धरून तुळशीपर्यंत गेली. वाकली. वाऱ्याने पहिली काडी विझली, दुसरीही. तिसरी तिने ओंजळीत धरून लावली. मग सरळ उभी राहिली आणि हात जोडले. आणि या खेपेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती मैदानाकडे तोंड करून उभी राहिली.

लेग-अंपायरला आधी कळलंच नाही. कोणीतरी हसलं. मग एकेक मान वळत गेली. लाउडस्पीकरवाला बोलता बोलता थांबला. बॉलर रन-अपच्या मधेच उभा राहिला. बस्त्याव सरांनी टोपी मागे सारून वर सूर्याकडे बघितलं, मग आमच्या तुळशीकडे, मग पुन्हा सूर्याकडे. त्यांनी बॉलरला ओव्हर पुरी करायला सांगितली. ओव्हर पुरी झाली. सर स्टंपांपाशी चालत गेले आणि एका बाजूच्या बेल्स काढून खिशात टाकल्या, मग चालत दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथल्या काढल्या. खेळ बंद. वालीवच्या टीमने बॅट हातात धरलेली नव्हती. सरासरी काढायला काही नव्हतं, म्हणजे निकालही नव्हता.

बाबा धावत अंगणात आले. चपला तिकडेच राहिल्या होत्या. “आक्का, हे काय केलंस? अगं ऊन आहे.”

“ऊन हाय ते मला दिसतं,” आत्या म्हणाली. “आंधळी नाय झाले अजून.”

मागून कमिटीची माणसं आली, वालीवचा कॅप्टन आला, बस्त्याव सर आले. सगळे बोलायला लागले आणि सगळे एकदमच थांबले, कारण आत्या त्यांच्याशी बोलत होती. मी तिला इतक्या लोकांपुढे बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“डॉक्टरनीने सांगितलंय, माझे डोळे कडेने गेलेत. मला तुमच्या आधी काळोख पडतो. हे माझ्या भावाला ठाव होतं, कमी-जास्त. ज्या पोरांना मी हरवलं त्यांना सांगा.” तिने जरा श्वास घेतला. “बाकी तुमचा खेळ तुमच्या डोळ्यांनी बघा. भाकऱ्या झाल्यात. जेवून घ्या.”

ती आत गेली. बाबा तुळशीपाशी उभे राहिले, बराच वेळ, अनवाणी, आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मी घरात गेले तर आत्या खाटेवर मान वर करून बसली होती, थेंबांची बाटली हातात. पहिला थेंब कपाळावर पडला होता, दुसरा गालावर.

“ये गो,” ती म्हणाली. “महाग औषध सांडतंय. नीट बघून घाल.”

मी बाटली घेऊन तिच्यावर वाकले. तिने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि डोळा मोठा उघडला.